तक्त्यात नसलेला देश

नियम वाचायचा मला नाद आहे. औषधाच्या खोक्यातून निघणारा घडीचा कागद मी शेवटपर्यंत वाचतो. लिफ्टमध्ये किती माणसं मावतात ते वाचतो आणि मग आत शिरलेल्यांना मोजतो. पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात उभा जन्म कारकुनी केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार! शाळा सोडल्याचे किती दाखले माझ्या हातून लिहून गेले त्याला हिशेब नाही. जन्मतारखेत खाडाखोड केलेला दाखला मला टेबलापलीकडूनच कळायचा. निवृत्त झाल्यावरसुद्धा करंजाड्यातल्या आमच्या घरी लोक पिशव्या घेऊन यायचे, कुणाची वारस नोंद अडलेली, कुणाचं नाव आधारवर एक आणि सातबाऱ्यावर दुसरं. ‘भाऊसाहेब, जरा बघता का’ म्हटलं की मी चष्मा पुसायला घ्यायचो. मला ते फार आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यामुळे तीनचार वर्षांपूर्वी मी जेव्हा पनवेलहून गाडीने नेपाळ आणि तिथून भूतानला जायचं जाहीर केलं, तेव्हा कागदपत्रांची काळजी कुणीच केली नाही. मी तर अजिबातच केली नाही.

हा प्रवास माझ्यासाठी नव्हता. माझ्या बहिणीसाठी होता. आमच्या आगरी घरात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात, तशी ती सगळ्यांचीच बाय. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी साठी ओलांडली तरी ती मला अजून ‘बाला’ म्हणूनच हाक मारते. लग्न झाल्यावर ती नवऱ्यामागून अमेरिकेला गेली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तिथली नागरिक झाली, मुलं वाढवली, एका म्हाताऱ्यांच्या इस्पितळात नोकरी केली, आणि मग नवरा गेला. त्यानंतर एकदा फोनवर, मी भाताचं पीक आणि विमानतळाच्या रस्त्याचं काहीतरी सांगत असताना, ती मधेच म्हणाली, ‘‘बाला, मना एकदा गाडीत बसवून लांब ने. दोनतीन देश पार करू. पन विमान नको.’’

ही मागणी ऐकून कुणालाही नवल वाटलं असतं. मला नाही वाटलं. आमच्या वडिलांचा ट्रक होता. मिठागरावरचं मीठ भरून ते घाटावर जायचे. सुट्टी लागली की मी केबिनमध्ये चढायचो. साताऱ्यापर्यंत, कोल्हापूरपर्यंत, एकदा तर हुबळीपर्यंत गेलो. बाय रडून घर डोक्यावर घ्यायची म्हणून वडील तिलाही चढवायचे, पण पनवेलबाहेरच्या पळस्प्याच्या फाट्यापर्यंतच. तिथे तिला उतरवायचे, हातात बिस्किटांचा पुडा द्यायचे आणि ओळखीच्या टपरीवाल्याला सांगायचे की गावाकडे जाणारा टेम्पो आला की हिला बसव. ‘पोरीची जात, कुठं घेऊन फिरू?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी वर केबिनमधून तिला हात करायचो. नुसता हात नाही, वेडावून दाखवायचो. सात वर्षांनी मोठ्या बहिणीवर मात करायची तेवढी एकच जागा मला मिळाली होती आणि ती मी पुरेपूर वापरली.

म्हणून मी लगेच हो म्हणालो, आणि कामाला लागलो.

आता नियम. भारतीय माणसाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट पुरतो. भूतानलाही तेच, पण तिथे प्रवेश परवाना काढावा लागतो आणि आधार कार्ड चालत नाही. हे मी पनवेलमध्ये इतक्या लोकांना सांगितलं की समोरचा वाणीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायला लागला, भूतानला आधार चालत नाय हां. गाडीला नेपाळच्या हद्दीवर पैसे भरून परवाना घ्यायचा, त्याला तिथे भन्सार म्हणतात. बाय अमेरिकेची नागरिक, तेव्हा तिचं वेगळं. तिला नेपाळचा व्हिसा सीमेवरच मिळणार, फोटो आणि डॉलर जवळ हवेत. भूतानचा मात्र आधीच काढायला हवा, तोही तिथल्या एजंटामार्फत. मी तो काढला. पत्र हातात आलं तेव्हा बायकोला म्हणालो, ‘‘बघ, परदेशी माणसाचा व्हिसा घरबसल्या आणला.’’

या सगळ्याचा मी एक तक्ता केला. लाल आणि निळ्या शाईत, पट्टीने रेघा मारून. उभ्या रकान्यात तीन माणसं, मी, बायको आणि बाय. आडव्या ओळीत देश. फ्रिजवर चिकटवला. येणारा-जाणारा वाचायचा आणि मान डोलवायचा. त्या तक्त्यात नेपाळ होता, भूतान होता, परवाने, फोटो, मुदती, सगळं होतं. भारत नव्हता. वाटेत नेपाळमधून निघून बंगालमध्ये शिरायचं आणि तिथून भूतान गाठायचं, म्हणजे बायला आपल्या देशात पुन्हा प्रवेश करायचा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी यायला कसला आलाय व्हिसा? उरणच्या खाडीत चिखल तुडवत खेकडे पकडलेली बाई ती. तिला भारताच्या ओळीत कुठे बसवणार?

खरं तर बायकडे परदेशस्थ भारतीयांना मिळतं ते कार्ड असायला हवं होतं, ज्याला सगळे ओसीआय म्हणतात. ते असलं की जन्मभर येणंजाणं मोकळं. तिने अर्ज केलाही होता. अडलं नावावर. तिचा जुना भारतीय पासपोर्ट माहेरच्या नावाचा. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं की बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतं, आडनाव तर बदलतंच. अमेरिकेचे कागद त्या नव्या नावाचे. लग्नाची नोंद त्या काळी कोण करतंय! तेव्हा तिथल्या कचेरीने विचारलं की या दोन बाया एकच, याला पुरावा काय? बायने मला फोन केला. शाळेचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं पाठव म्हणाली.

मी हो म्हणालो. मग पावसाळा आला. मग गणपती आले. गावातली शाळा विमानतळात गेली होती, तिचं दप्तर दुसऱ्या शाळेत हलवलं होतं, तिथल्या बाई रजेवर होत्या. ही कारणं खोटी नव्हती, पण माझ्यासारख्या माणसाला ती एका सकाळची होती. बाय वर्षातून दोनदा विचारायची. ‘‘नाय मिळाला कागद?’’ मी म्हणायचो, ‘‘बघतो बाय, सरकारी काम आहे.’’ दोन वर्षं गेली, तीन गेली. शेवटी तिने विचारणं सोडलं आणि मुलीकडून ऑनलाइन व्हिसा काढून ती आली. दोन बॅगा, गुडघ्याला पट्टे, आणि माझ्या बायकोसाठी सहा डबे बदाम.

निघायच्या आदल्या दिवशी ती तक्त्यासमोर उभी राहिली. तिनेही शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, ‘‘बाला, नेपालातून हिकडं परत येताना मना कोन अडवनार नाय ना? नीट वाच माजा व्हिसा.’’ मी तिच्या हातातून कागद घेतला. त्यावर प्रवेशाच्या संख्येपुढे ‘मल्टिपल’ असं छापलं होतं. मी तिला बोट ठेवून दाखवलं. ‘‘कितीदाही ये, कितीदाही जा.’’ त्याच कागदावर खाली बारीक अक्षरांच्या ओळी होत्या. औषधाचा कागद शेवटपर्यंत वाचणारा मी, त्या ओळींवरून नजरही फिरवली नाही. कागद घडी करून तिच्या पर्समध्ये ठेवला.

नाशिक, मग मध्य प्रदेश, मग उत्तर प्रदेश. बायने पुढची सीट सोडली नाही. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी गंमतीने हक्क सांगून पाहिला, तेव्हा बाय म्हणाली, ‘‘वयनी, तुमी माग पाय पसरून बसा, मी हितून हलनार नाय.’’ मैलाचे दगड ती मोठ्याने वाचायची. ढाब्यावर ट्रकवाल्यांशी बोलायला जायची, कुठून आलात, काय भरलंय, किती दिवस झाले घर सोडून. तिचं हिंदी चाळीस वर्षांत गंजलं होतं, पण त्या लोकांना ते चालत होतं. सत्तरीला टेकलेली बाई, खिडकीची काच खाली करून वाऱ्यात तोंड धरायची आणि डोळे मिटायची. मी गाडी चालवत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

सोनौलीला आम्ही भारत सोडला. आम्हा नवराबायकोचं काम दोन मिनिटांत झालं. बायच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का हवा होता, म्हणून मी तिच्याबरोबर इमिग्रेशनच्या खोलीत गेलो. टेबलावर एक वयस्कर अधिकारी होता. त्याने पासपोर्ट चाळला, शिक्का मारला आणि बाय फोटो पर्समध्ये ठेवत दाराकडे वळली तेव्हा मला म्हणाला, ‘‘वापसी किधर से है?’’ मी म्हणालो, काकरभिट्ट्याहून, म्हणजे नेपाळच्या पूर्व टोकाहून, गाडीने. तो म्हणाला, ‘‘ई-वीज़ा पर रोड से दिक्कत होगी। एक बार देख लीजिए।’’

हे वाक्य मला आजही त्याच्या आवाजात ऐकू येतं. आणि त्या क्षणी मला काय वाटलं तेही लख्ख आठवतं. मला वाटलं, हा चहापाण्याचं बोलतोय. तहसीलमध्ये, भूमापनच्या कचेरीत, आयुष्यभर मी हेच ऐकत आलो होतो. ‘दिक्कत होगी’ म्हटलं की समोरच्याने विचारायचं असतं, मग काय करावं लागेल साहेब? शिक्का तर पडला होता. मी मनात म्हणालो, नाही देत जा. हसून त्याला नमस्कार केला आणि बाहेर पडलो. त्या बिचाऱ्याने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. साठ वर्षं ज्या पाण्यात पोहलो, त्यात सरळ बोलणारा माणूस मला ओळखता आला नाही.

गाडीत बसल्यावर बायने विचारलं, ‘‘काय बोलत व्हता तो?’’

‘‘काही नाही. देवदर्शनाला चाललात का, विचारत होता.’’

मी तिला हे सांगितलं. खोटं बोलायचं काही कारणही नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिने तिथेच फोन काढून मुलीला विचारायला लावलं असतं, काठमांडूत पाच दिवस होतो, तेवढ्यात काही ना काही जमलं असतं. निदान मला कळलं असतं. पण भाऊसाहेबांना कुणी नियम सांगायचा नाही ना!

नेपाळचे ते नऊ दिवस चांगले गेले, हे लिहिताना हात जड होतो. पोखऱ्याला बायला सकाळी डोंगर दिसले, तर ती म्हणाली, ठीक हाय, पण रस्ता कधी पुढं घेतोस? तिला थांबण्यात रस नव्हता, जाण्यात होता. पूर्वेकडे जाताना कोशी नदीच्या बंधाऱ्यावर तळलेल्या माशांच्या टपऱ्या लागल्या. तिथे तिने मालकिणीला बाजूला करून मसाला कसा लावायचा ते शिकवायला सुरुवात केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मालकीण हसत होती, बाय हातवारे करत होती, आणि आम्ही चौथी प्लेट खात होतो. वर तिने सुकी मासळी घेतली, पुडा बांधून गाडीत टाकली, आणि पुढचे शंभर किलोमीटर बायको नाकाला पदर लावून बसली. बाय मात्र मागे वळून म्हणाली, ‘‘वयनी, घरचा वास हाय. घ्या.’’ इतकी मोठ्याने हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकरभिट्ट्याला नेपाळचा शिक्का घेऊन आम्ही मेची नदीचा पूल ओलांडला. पलीकडे पानीटंकी, म्हणजे भारत. माझं आणि बायकोचं मतदार कार्ड कुणी धड पाहिलंसुद्धा नाही. गाडी बाजूला लावून, बायकोला तिथे बसवून, मी बायला घेऊन इमिग्रेशनच्या खोलीत गेलो.

अधिकारी तरुण होता, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलांएवढा. त्याने व्हिसा दोनदा वाचला. मग खुर्ची सरकवून बायला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मला म्हणाला, ‘‘अंकल, मैडम को मैं यहाँ से एंट्री नहीं दे सकता। यह वीज़ा सिर्फ़ एयरपोर्ट और बंदरगाह के लिए है।’’

मी हसलो. खरंच हसलो. मग मल्टिपल दाखवलं. त्याने त्याच्याखालच्या ओळींवर पेन ठेवलं, मी चष्मा लावून त्या वाचल्या. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते क्रमाने सांगतो. आधी आवाज चढवला. मग विनवण्या केल्या. मी शिक्षण खात्यातला माणूस आहे म्हणालो. ही माझी सख्खी बहीण आहे, आम्ही एका आईच्या पोटचे, बघा पासपोर्टवर जन्मस्थान काय लिहिलंय. मग खिशात हात घालून पाकीट अर्धं बाहेर काढलं. तो पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘मत कीजिए अंकल। मैडम देख रही हैं।’’ बाय बघत होती. मी पाकीट परत ठेवलं.

त्याने पासपोर्टवरचं जन्मस्थान पुन्हा पाहिलं आणि बायला विचारलं, अगदी आपुलकीने, ‘‘आंटी, आपने ओसीआई क्यों नहीं बनवाया? फिर कोई नहीं रोकता।’’

‘‘काग़ज़ नहीं मिला,’’ बाय म्हणाली. ‘‘मेरे दो नाम हैं। दोनों नाम एक ही औरत के हैं, उसका काग़ज़।’’

मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या बोलीत, काहीतरी खरंच आठवत असल्यासारखं विचारलं, ‘‘बाला, हक्कसोडाच्या येलंला तो कागद मिलाला व्हता ना रं?’’

आता हे मला सांगायलाच हवं. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी, विमानतळाला गेलेल्या आमच्या जमिनीच्या बदल्यातला भूखंड नावावर व्हायचा होता. आमच्या भागात अशा वेळी बहिणी भावासाठी हक्कसोडपत्र करून देतात. कायद्याने तिचाही वाटा असतो, पण बहिणीने तो मागितला तर गाव भावाकडे नाही, तिच्याकडे बघतं. मी फोन केला आणि बाय आली. काही विचारलं नाही, माझा वाटा सोडला म्हणून सही करायला सातासमुद्रापलीकडून आली. तेव्हाही हीच अडचण निघाली होती. सातबाऱ्यावर वारस म्हणून माहेरचं नाव आणि सही करणारी बाई दुसऱ्या नावाची. तेव्हा मी काय केलं? गावच्या शाळेतून तिचा दाखला काढला, शेजारचे दोन साक्षीदार उभे केले, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं की अमुक नाव आणि तमुक नाव या दोन व्यक्ती नसून मी एकच आहे. आठ दिवसांत. आठव्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बायने अंगठा दिला, सही केली, फोटो काढला, आणि बाहेर येऊन बाय, बायको आणि मी, तिघांनी उसाचा रस प्यायला.

म्हणजे कागद होता. दाखला होता. करंजाड्याच्या घरात, त्याच भूखंडावर बांधलेल्या घरात, माझ्या कपाटात एका हिरव्या फायलीत होता. ती तीन वर्षं विचारत होती आणि मी तिला सांगत होतो, शाळा हलली, बाई रजेवर आहेत.

मी विसरलो होतो का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता उत्तराचा कंटाळा आला. नव्हतो विसरलो. ती फाइल मला उघडायची नव्हती, एवढंच. तिच्यात बायची सही होती. ती पाहिली की मला लाज वाटायची, आणि लाज वाटू नये म्हणून मी कपाट बंद ठेवलं. माझ्यासाठी दोन्ही नावांची बाई एक करायला आठ दिवस लागले. तिच्यासाठी मला सवड झाली नाही.

त्या खोलीत मी व्हिसाचा कागद पुन्हा घडी करत बसलो. बायने पाणी संपवलं, पेला टेबलावर ठेवला आणि ती उठली.

अधिकाऱ्याने मार्ग सांगितला. मागे नेपाळमध्येच, जवळ भद्रपूरला विमानतळ आहे, तिथून काठमांडू, काठमांडूहून दिल्ली-मुंबई कुठेही विमानाने उतरा, हाच व्हिसा चालेल. मी लगेच उत्साहात आलो. म्हणालो, ‘‘बाय, मुंबई कशाला, काठमांडूहून थेट भूतानला विमान जातं. तुझा व्हिसा आहे. तू विमानाने ये, आम्ही गाडीने येतो. तिथून पुढे मिळून फिरू.’’

‘‘इमानानं तर मी जलमभर फिरले रे,’’ ती म्हणाली. ‘‘मना गाडीतना जायाचं व्हतं.’’

पुलावरून तिला परत सोडायला मी पायी गेलो. तिची लहान बॅग माझ्या खांद्यावर होती. मेचीला पाणी फारसं नव्हतं, लोक खाली गाळात रेती भरत होते. माणसं, सायकलरिक्षा, सिमेंटच्या गोण्या घेतलेल्या बायका दोन्हीकडून जात-येत होत्या, कुणी कुणाला अडवत नव्हतं. पुलाच्या मधोमध तिचा गुडघा दुखायला लागला म्हणून आम्ही कठड्याला टेकून थांबलो. मला वाटलं, आता बोलावं. सगळं सांगून टाकावं, फाइल, सोनौलीचा अधिकारी, सगळं. मी म्हणालो, ‘‘बाय, उन्हात थांबू नकोस, चल हळूहळू.’’

नेपाळच्या कचेरीने बाहेर पडल्याचा शिक्का रद्द करून दिला. भद्रपूरला जाणारी गाडी ठरवली. मी बरोबर काठमांडूपर्यंत येतो म्हणालो, तर ती म्हणाली, ‘‘वयनी तिकडं एकटी गाडीत बसलीय. जा तू.’’ आणि पर्समधून पैसे काढून माझ्या हातात कोंबले, गाडीच्या तेलाला म्हणून. मी नको नको म्हणत राहिलो. गाडी निघाली तेव्हा तिने हात केला नाही, पट्टा लावण्यात गुंतली होती.

काठमांडूहून तिने मुलीला फोन केला आणि थेट अमेरिकेचं तिकीट काढलं. पनवेलला परत आलीच नाही. आम्हीही भूतानला गेलो नाही. तीन दिवस गाडी चालवत परत आलो, पुढच्या सीटवर बायको बसली नाही, मागेच बसली. मासळीचा पुडा नागपूरच्या अलीकडे फेकून द्यावा लागला. बायची मोठी बॅग मी कुरिअरने पाठवली. तिच्यात आमच्यासाठी आणलेली, पण द्यायची राहिलेली काही पाकिटं होती. ती मी तशीच राहू दिली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी हिरवी फाइल उघडली. दाखला, प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्राची प्रत. बायची सही सगळीकडे एकसारखी, शाळेत घोटून घेतलेल्या वळणाची. प्रती काढल्या, नोटरी केल्या, एक संच टपालाने पाठवला, एक मोबाइलवर. सगळं मिळून दीड तास लागला. त्यातला अर्धा तास झेरॉक्सच्या रांगेत गेला.

मग फोन केला. म्हणालो, ‘‘बाय, कागद पाठवलाय. आता कार्डाचा अर्ज कर. दोनतीन महिन्यांत होईल. मग पुढच्या थंडीत परत निघू. यावेळी मी नीट बघतो सगळं.’’

मागे तिच्या नातवाचा टीव्ही चालू होता.

‘‘गुडघं रायलं नाय आता गाडीत बसायला,’’ ती म्हणाली. ‘‘नि मना कशाला तो कागद? ठेव तुज्याकडं. तुज्या कामाचा कागद हाय तो.’’

ती रागावून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ती घरातली वस्तू जागच्या जागी ठेवायला सांगावी इतक्या साधेपणाने बोलली. मग म्हणाली, वयनीला दे फोन. मी दिला.